क्लॅप्टनच्या वाटेने रॉबर्ट जॉन्सनकडे: आमच्या बँडने बसवलेली गाणी

ब्रिटिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने २००४ मध्ये 'मी अँड मिस्टर जॉन्सन' नावाचा अल्बम काढला. चौदा गाणी, सगळीच्या सगळी १९३० च्या दशकातल्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-गिटारिस्टची. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं जुनं गाणं, ऐकणाऱ्या लोकांत या अल्बमबद्दल एक ठरलेलं मत आहे, की फार गुळगुळीत झालाय, मुळातली धग गेलीय, त्यापेक्षा सरळ ओरिजिनल ऐका. हे मत मी अनेकांकडून ऐकलंय आणि ते देणारे लोक कानाचे पक्के आहेत त्यामुळे त्यांना उडवून लावायचा प्रश्नच नाही. पण मधे आमच्या बँडने यातली काही गाणी बसवली, एक छोटा कार्यक्रम केला, थोडं रेकॉर्डिंगही केलं, आणि हे सगळं हाताखालून गेल्यावर मला त्या अल्बममध्ये जे दिसलं ते नुसतं ऐकून कधीच दिसलं नसतं. तेच सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघं. पुण्यात राहतो, नोकऱ्या करतो, वीकेंडला तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये वाजवतो. ड्रमर, बेसवाला, कीबोर्डवाला आणि मी गिटार आणि आवाज. एका कलाकाराचीच गाणी घेऊन एक पूर्ण संध्याकाळ करायची हे बरेच दिवस डोक्यात होतं. बेसवाल्याने जॉन्सनचं नाव काढलं आणि त्यावर पहिला आक्षेप आला तो कीबोर्डवाल्याचा, की त्या माणसाच्या रेकॉर्डवर एक गिटार आणि एक आवाज सोडून काही नाही, आम्ही तिघांनी काय करायचं? प्रश्न अगदी बरोबर होता. आणि म्हणूनच क्लॅप्टनचा अल्बम समोर आला, कारण हाच प्रश्न त्यालाही सोडवावा लागला होता.

ज्यांनी जॉन्सन ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मिसिसिपीतला माणूस, हेझलहर्स्टचा, जन्म १९११. आयुष्यात फक्त दोनदा रेकॉर्डिंग केलं. एकदा नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला गंटर हॉटेलच्या ४१४ नंबरच्या खोलीत, आणि दुसऱ्यांदा जून १९३७ मध्ये डॅलसला ५०८ पार्क अव्हेन्यूच्या इमारतीत. एकूण २९ गाणी, वेगवेगळे टेक, म्हणजे एकाच गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेगळ्या फेऱ्या, धरल्या तर ४२ रेकॉर्डिंग्ज. १६ ऑगस्ट १९३८ ला ग्रीनवुडजवळ वारला, वय २७. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड हा रेकॉर्ड निर्माता मोठा कार्यक्रम करत होता, त्याला जॉन्सन हवा होता, शोधायला गेले तर कळलं माणूस गेला, मग त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी या ब्लूज गायकाला बोलावलं. म्हणजे जिवंतपणी मोठं स्टेज त्याला मिळालंच नाही. १९६१ मध्ये कोलंबियाने त्याच्या गाण्यांची एलपी काढली आणि ती इंग्लंडमधल्या गिटार शिकणाऱ्या पोरांच्या हाती लागली, तिथून पुढे सगळं बदललं. क्लॅप्टन त्या पोरांपैकीच एक.

जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि गिटार मिळवली ही कथा लोक अजून सांगतात, आणि मला ती ऐकली की वाईट वाटतं. कारण तो कोणाकडे शिकला ते माहीत आहे, आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे, आणि हे दोघं रात्री कबरस्तानात जाऊन बसायचे कारण तिथे कोणी त्रास देत नाही, निवांत रियाज होतो. एका माणसाने रात्र रात्र बसून बोटं तयार केली आणि श्रेय द्यायचं सैतानाला? त्याची गाणी हातात घेतली की ही गोष्ट जास्तच लागते, कारण तिथे जे आहे ते निव्वळ मेहनतीचं आहे.

क्लॅप्टनचं बघा. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्स या बँडबरोबरच्या रेकॉर्डवर तो पहिल्यांदा मुख्य गायक म्हणून गायला ते गाणं जॉन्सनचं, 'रॅम्बलिंग ऑन माय माइंड'. त्याच वर्षी क्रीम या त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बमवर 'फोर अंटिल लेट'. मग १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात वाजवलेलं 'क्रॉसरोड्स', जे जगातल्या प्रत्येक रॉक गिटारिस्टने कधी ना कधी वाजवायचा प्रयत्न केलाय, आमच्या बँडची सुरुवातसुद्धा त्याच गाण्यावर झाली. आणि इतकं असूनही जॉन्सनचा पूर्ण अल्बम करायला त्याला साठीच्या उंबरठ्यावर यावं लागलं. तोही कसा झाला, तर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम चालू होता, गाणी पुरेशी तयार होत नव्हती, स्टुडिओ आणि वादक बसलेले, तर मधल्या वेळात जॉन्सनची गाणी वाजवायला लागले आणि हाच अल्बम आधी पूर्ण झाला. नव्या गाण्यांचा 'बॅक होम' नंतर २००५ मध्ये आला. मला हे फार आवडतं. चाळीस वर्षं अंगात मुरलेली गाणी होती म्हणून ती इतक्या पटकन बाहेर आली.

आता आमच्या कामाकडे येते.

मी ठरवलं होतं की बँडबरोबर बसायच्या आधी किमान एक गाणं जॉन्सनसारखं एकटीने वाजवून बघायचं. 'काइंड हार्टेड वुमन ब्लूज' घेतलं, कारण ४१४ नंबरच्या खोलीत त्याने सगळ्यात पहिल्यांदा रेकॉर्ड केलेलं गाणं ते, आणि ट्यूनिंग (तारा कोणत्या सुरांत लावायच्या ते) नेहमीचं आहे, ए कॉर्डच्या आकारात वाजतं. दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की आपल्या भाषेत पांढरी सात पट्टी. जॉन्सनचा आवाज तसा वरच्या अंगाचा, माझा बायकांमध्ये खालचा, त्यामुळे मला पट्टी बदलावी लागली नाही, त्याच्याच पट्टीत गळा बसला.

रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, त्याच बँडच्या ब्रायन जोन्सने त्याला जॉन्सनची रेकॉर्ड लावून दाखवली तर त्याने विचारलं, याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय? दुसरा कोणी नव्हताच. वाजवायला बसल्यावर हा प्रश्न का पडतो ते कळतं. अंगठा खालच्या जाड तारांवर ठेका धरून चाललाय, बाकीची बोटं मधल्या तारांवर तुटक तुटक कॉर्ड टाकतायत, आणि त्याच वेळी वरच्या बारीक तारांवर आवाजाला उत्तर देणारी छोटी ओळ येते, आणि या सगळ्यावर हा माणूस गातोय, आणि गाणं ठेक्याला चिकटून नाहीये, ते कधी मागे रेंगाळतं, कधी बोलल्यासारखं पुढे येतं. नुसती गिटार काही आठवड्यांनी हातात आली. गाणं चालू केलं की अंगठा माझ्या शब्दांच्या मागे धावायचा. यावर उपाय एकच सापडला, गिटार इतकी वाजवायची की टीव्हीवर बातम्या बघता बघता वाजली पाहिजे, घरच्यांशी बोलता बोलता वाजली पाहिजे, मग तिच्यावर शब्द ठेवायचे, आधी नुसते बोलायचे, मग हळूहळू सुरात न्यायचे.

या गाण्यात मधे एक जागा आहे जिथे तो अचानक वरच्या पातळ आवाजात जातो, आणि एका टेकमध्ये छोटासा गिटार सोलो आहे, त्याच्या सगळ्या रेकॉर्डिंग्जमधला एकमेव. सगळी २९ गाणी ऐकली तरी गिटारने एकटीने बोलायची संधी त्याने एवढीच घेतली. ज्या माणसाला आपण गिटारचा देव म्हणतो त्याने सोलो जवळजवळ घेतलाच नाही, गिटार कायम गाण्याच्या सेवेला. हे मला बसून वाजवेपर्यंत जाणवलं नव्हतं.

मग क्लॅप्टनचं तेच गाणं लावलं. आणि इथेच माझं त्या अल्बमबद्दलचं मत तयार झालं.

क्लॅप्टनने काय केलंय, तर जॉन्सनच्या दोन हातांत जे कोंबलेलं होतं ते सोडवून माणसांमध्ये वाटलंय. अंगठ्याचं काम बेसकडे गेलं, म्हणजे नेथन ईस्टकडे. मधल्या तारांवरचा तुटक ठेका स्टीव्ह गॅडच्या ड्रम्सकडे आणि अँडी फेअरवेदर लो, डॉइल ब्रॅमहॉल यांच्या गिटारकडे. आवाजाला उत्तर द्यायचं काम कधी क्लॅप्टनची गिटार करते, कधी जेरी पोर्टनॉयचा माउथऑर्गन. आणि बिली प्रेस्टनचा पियानो. हा पियानो आमच्या कीबोर्डवाल्याने नीट ऐकला आणि जॅमरूममध्ये म्हणाला, "अगं, हे तर मुळातच पियानोचं आहे." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जॉन्सन खालच्या तारांवर जो चालता ठेका वाजवतो तो बूगी वूगी नावाच्या नाचऱ्या शैलीत पियानो वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताचा आहे, त्याच्या काळात लीरॉय कार वगैरे पियानोवाले गाजत होते, हे सगळं त्याने गिटारवर आणलं. म्हणजे पियानो गिटारमध्ये शिरला आणि जवळपास सत्तर वर्षांनी क्लॅप्टनच्या अल्बममध्ये तो परत पियानोवर गेला. सुरुवातीला जो विचारत होता की आम्ही तिघांनी काय करायचं, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त काम आलं.

लोक ज्याला गुळगुळीत म्हणतात ते हेच आहे असं मला वाटतं. एका माणसाला तीन कामं एकत्र करताना जो ताण येतो तो रेकॉर्डवर ऐकू येतो, आणि आपण त्याला धग म्हणतो. सहा-सात माणसांत काम वाटलं की तो ताण जातो. हे नुकसान आहेच, मी नाकारत नाही. पण त्या बदल्यात प्रत्येक धागा वेगळा दिसतो, शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मी क्लॅप्टनचं ऐकून परत जॉन्सनकडे गेले तेव्हा मला त्याच्या एका गिटारमध्ये बेस वेगळा ऐकू यायला लागला, ठेका वेगळा. आधी ते सगळं एकच दाट काहीतरी होतं.

खरी मारामारी झाली ती मात्रांवरून. ब्लूज म्हणजे बारा बारचं (एक बार म्हणजे साधारण चार मात्रा) आवर्तन हे सगळ्यांना माहीत असतं. जॉन्सन ते पाळेलच असं नाही. ओळ संपली आणि त्याला गिटारवर अजून थोडं बोलायचं असेल तर तो दोन मात्रा जास्त घेतो, पुढची ओळ लवकर सुचली तर बार अर्ध्यात सोडून पुढे जातो, आणि गाणं पुढे जाईल तसा वेगही किंचित चढतो. एकट्या माणसाला कोणाला विचारायचंय? पण मागे ड्रम असेल तर समेवर सगळे एकत्र यायला हवेत. मी जॉन्सनच्या मोडणीने गायले की आमचा ड्रमर हात थांबवून म्हणायचा, "तू कुठे उतरणार ते मला आधी सांग." क्लॅप्टनने बहुतेक गाणी सरळ बारा बारमध्ये बांधून घेतलीयत, बँडला दुसरा मार्ग नसतो. आम्ही खूप वाद घातला. बेसवाला म्हणत होता सगळं सरळ करू, लोकांना काही फरक कळत नाही. माझं म्हणणं होतं की ओळीनंतरचा तो जास्तीचा श्वास हेच त्या गाण्याचं व्यक्तिमत्त्व आहे. शेवटी असं ठरलं, की 'स्टॉप ब्रेकिंग डाउन', 'लास्ट फेअर डील' आणि 'व्हेन यू गॉट अ गुड फ्रेंड' ही नाचरी गाणी सरळ बारा बारमध्ये पूर्ण बँड, आणि 'कम ऑन इन माय किचन' मी एकटीने सुरू करायचं, माझ्या मनाप्रमाणे लांबवायचं, आणि ड्रमरने काठ्या बाजूला ठेवून फक्त ब्रश हातात घ्यायचे, मी मान हलवली की आत यायचं. हा तोडगा मला अजूनही योग्य वाटतो.

'कम ऑन इन माय किचन'साठी ट्यूनिंग बदलावं लागतं. ओपन जी म्हणतात त्याला, तारा नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजतो, डी-जी-डी-जी-बी-डी, म्हणजे षड्ज, पंचम आणि एक गंधार, तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला एकदम घरचं वाटतं. त्यावर करंगळीत काचेची नळी घालून सरकवत वाजवायचं, ती स्लाइड. दोन गोष्टींनी त्रास दिला. एक म्हणजे नळी तारेवर दाबायची नसते, नुसती टेकवायची असते, आणि फ्रेटच्या मधे नाही तर बरोबर फ्रेटच्या पट्टीवर, जरा इकडेतिकडे झालं की बेसूर. मी तारांची उंची थोडी वाढवून घेतली तेव्हा कुठे खडखड थांबली. दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. जॉन्सन गंधार लावतो तो ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळ्या जागी. कीबोर्डवर तो सूरच नाहीये. मला लहानपणी शिकलेल्या गाण्याचा इथे उपयोग झाला, मींडेतून एखाद्या श्रुतीवर जाऊन थांबायची सवय गळ्याला होती, तीच बोटात आणायची होती. गळ्याने आधी गायचं आणि मग स्लाइडने त्याच्या मागे जायचं असं केलं तेव्हा जमायला लागलं. या गाण्याचे जॉन्सनचे दोन टेक आहेत, त्यातला संथ ऐका. मधेच तो गाणं थांबवून कुजबुजतो, वारा कसा घोंघावतोय ऐकू येतंय ना, आणि मग गिटारवर तो वारा वाजवतो. मी ती कुजबुज घेतली नाही. ती त्याच्या खोलीत, त्याच्या क्षणी झालेली गोष्ट आहे. नुसता गिटारचा वारा घेतला आणि त्या आधी एक श्वास मोकळा सोडला.

शब्दांचा प्रश्न मला बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा होता. ही सगळी पुरुषाने बाईला उद्देशून म्हटलेली गाणी. 'काइंड हार्टेड वुमन'मध्ये तो स्वतःचा उल्लेख मिस्टर जॉन्सन असा करतो, मिस्टर जॉन्सन दारू पितो त्याला कारण एकच, वगैरे. मित्रांनी सुचवलं तिथे आपलं काहीतरी घाल. मी मिस्टर जॉन्सनच ठेवलं. मी त्याचं गाणं गातेय, ते नाव तिथे त्याने ठेवलंय, ते काढायचं मला काही कारण दिसलं नाही, आणि बाईच्या आवाजात ते नाव आलं की जणू त्या बाईनेच त्याच्याबद्दल सांगितल्यासारखं वाटतं, मला ते आवडलं. पण 'मी अँड द डेव्हिल'मध्ये बाईला मन भरेपर्यंत मारण्याची ओळ आहे, आणि '३२-२० ब्लूज'मध्ये तर सरळ बंदुकीची धमकी आहे. ही गाणी १९३६-३७ ची आहेत, त्या माणसाचं आयुष्य, तो काळ, सगळं मान्य. तरी ती ओळ मी माझ्या तोंडून म्हणणार नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. '३२-२०' यादीतून काढलं. 'मी अँड द डेव्हिल' सोडवेना, कारण शेवटचं कडवं असं आहे की मला हमरस्त्याच्या कडेला पुरा, म्हणजे माझा आत्मा ग्रेहाउंडची बस पकडून प्रवास करत राहील. इतका फिरस्ता माणूस, मेल्यावरसुद्धा बसच पकडायची म्हणतो! ते कडवं मी ठेवलं, मारण्याचं कडवं गाळलं आणि त्या जागी आमच्या कीबोर्डवाल्याने एक आवर्तन पियानो वाजवला.

या टप्प्यावर मला रोरी ब्लॉकचा फार आधार वाटला. ती अमेरिकन गायिका-गिटारिस्ट, २००६ मध्ये तिने 'द लेडी अँड मिस्टर जॉन्सन' नावाचा अल्बम काढला, म्हणजे क्लॅप्टननंतर दोनच वर्षांनी. ती बँड घेत नाही, जॉन्सनचं एकेक बोट जागच्या जागी ठेवते. आणि कसँड्रा विल्सनने १९९३ च्या अल्बममध्ये 'कम ऑन इन माय किचन' आणि 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' गायलीयत, ती तर तिसऱ्याच दिशेला, अगदी पाण्यासारखी संथ. तीन माणसं, एकच गाणारा समोर, आणि तिघांचे रस्ते वेगळे. आपल्याकडे वसंतराव देशपांड्यांनी मास्टर दीनानाथांची गायकी घेतली, ती डोक्यावर धरली, पण गायले ते वसंतराव म्हणूनच, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

आणि जॉन्सन स्वतः तरी काय करत होता? गाणी बसवताना मी त्यांच्या मागे मागे जात राहिले तर प्रत्येक दारामागे अजून एक दार. 'कम ऑन इन माय किचन'ची चाल मिसिसिपी शीक्स या बँडच्या १९३० च्या 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड'च्या घरातली. '३२-२०' हे स्किप जेम्सच्या '२२-२०' वरून. 'लव्ह इन व्हेन'ची चाल लीरॉय कारच्या गाण्यावरून. 'मिल्ककाउज काफ' कोकोमो आर्नल्डच्या 'मिल्क काउ ब्लूज'वरून. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तो माणूसही आधीच्या लोकांचं ऐकून, आपल्या हातांत बसवून, बदलून गात होता. फरक एवढाच की त्याने जे घेतलं ते तो इतकं आपलंसं करायचा की आज लोकांना 'लव्ह इन व्हेन' म्हटलं की कार आठवत नाही, जॉन्सन आठवतो, किंवा १९६९ च्या रेकॉर्डवरून स्टोन्स आठवतात. हे कळल्यावर क्लॅप्टनने काय बिघडवलं आणि आम्ही काय बिघडवतोय ही भीती माझ्यापुरती तरी संपली.

कार्यक्रम एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर झाला, खुर्च्या भरल्या होत्या, मागे काही जण उभे होते. गाण्याआधी मी दोन-दोन वाक्यं मराठीत सांगत होते, हे कुठलं, कधीचं, कशाबद्दल, आणि त्याचा फार फायदा झाला, कारण त्या उच्चारातलं इंग्लिश पटकन कळत नाही. 'दे आर रेड हॉट'ला सगळ्यात जास्त दाद मिळाली. ते ब्लूज नाहीच, रॅगटाइम या जुन्या नाचऱ्या पियानो-शैलीच्या अंगाचं, पळणारं, गरम तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) विकणाऱ्याच्या आरोळीवरचं गाणं आहे, रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडनेही १९९१ मध्ये ते घेतलंय. जॉन्सन म्हणजे कायम दुःखी आणि झपाटलेला असं जे चित्र आहे ते हे एक गाणं पुसून टाकतं. तो रस्त्यावर, पार्ट्यांमध्ये लोकांना नाचवून पैसे कमवणारा माणूस होता, त्याला हे सगळं येत होतंच. कार्यक्रम संपल्यावर एक काका भेटले, साठीच्या पुढचे, क्रीमची एलपी त्यांच्याकडे अजून आहे म्हणाले, 'क्रॉसरोड्स' का नाही वाजवलंत विचारलं. मी सांगितलं, क्लॅप्टननेही या अल्बमवर ते घेतलं नाही, आणि ते ऐकून त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, बरोबर आहे, ते आता त्याचंच झालंय.

नंतर घरी रेकॉर्डिंग केलं. डॉन लॉ, ज्याने जॉन्सनचं रेकॉर्डिंग केलं, तो सांगायचा की दुसऱ्या वादकांसमोर वाजवायला सांगितल्यावर जॉन्सन भिंतीकडे तोंड करून बसला. लॉच्या मते लाजून. गिटारिस्ट राय कुडरचं म्हणणं वेगळं, की तो कोपरा वापरत होता, भिंतीवरून परत आलेला आवाज गिटारच्या मधल्या सुरांना उचलून धरतो. आम्ही दोन्ही करून पाहिलं, खोलीच्या मधे बसून आणि कोपऱ्याकडे तोंड करून, एकच माइक, तीच गिटार. कोपऱ्यात आवाज खरंच दाट आणि पुढे येतो, बारीक तारांची किणकिण कमी होते, आणि गाताना स्वतःचा आवाज कानावर इतका स्पष्ट येतो की हळू गायलं तरी चालतं. लाजेचं काय ते मी सांगू शकत नाही, पण या कामासाठी कोपरा मस्त जागा आहे एवढं नक्की. क्लॅप्टन २००४ मध्येच डॅलसच्या त्या ५०८ पार्क अव्हेन्यूच्या इमारतीत जाऊन डॉइल ब्रॅमहॉलबरोबर वाजवून आला, 'सेशन्स फॉर रॉबर्ट जे' नावाने त्याची डीव्हीडी निघाली, त्यात काही ठिकाणी तो फक्त गिटार घेऊन बसतो आणि जॉन्सनचं वाजवणं किती अवघड आहे ते चेहऱ्यावर दिसतं. ज्यांना क्लॅप्टनचा तो अल्बम फार चकचकीत वाटतो त्यांनी हे बघा, मत थोडं तरी हलेल.

कोणाला या गाण्यांपर्यंत जायचं असेल तर माझ्या अनुभवावरून सांगते, जोडीने ऐका. आधी जॉन्सनचं 'काइंड हार्टेड वुमन', लगेच क्लॅप्टनचं, परत जॉन्सनचं. मग 'लिटल क्वीन ऑफ स्पेड्स' तसंच. गिटार वाजवत असाल तर सुरुवात 'व्हेन यू गॉट अ गुड फ्रेंड'ने करा, ट्यूनिंग बदलावं लागत नाही आणि अंगठ्याचा ठेका स्थिर आहे. स्लाइडकडे घाई करून जाऊ नका. आणि सुरुवातीला रेकॉर्डची खरखर अंगावर आली तर हेडफोन काढून साध्या स्पीकरवर ऐका, खरखर मागे जाते, आवाज पुढे येतो.

आमचं 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' अजून बाकी आहे. ट्यूनिंग वेगळं, आवाज जवळजवळ रडवेला, आणि ठेका असा की धरायला गेलं की सुटतो. क्लॅप्टनने अल्बममध्ये ते सगळ्यात शेवटी ठेवलंय. ड्रमरचं म्हणणं आहे की यात त्याने वाजवूच नये, मला वाटतं त्याने फक्त बास ड्रम धरावा, तोही दर आवर्तनात नाही. पुढच्या शनिवारी जॅमरूम बुक केलीय, दोन्ही करून बघू.